ब्लॉक देऊनही नात रात्रभर रडली : देवगडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. तीन वर्षांच्या नातीचा निखळलेला खुबा बसवायला कोल्हापूर गाठलंत, ‘ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) दिलाय, दुखणार नाही’ असं ऐकलंत आणि रात्री आठपासून पोरीने वॉर्ड डोक्यावर घेतला. त्यावरून तुमचं म्हणणं असं की ब्लॉक म्हणजे बिल फुगवायची सोय, आणि वर झोपलेल्या लेकराच्या मणक्यात सुई.

आधी आठ वाजता काय झालं ते बघू. तुम्ही लिहिता, तिला एक वाजता आत नेलं आणि कॉडल ब्लॉक, म्हणजे कण्याच्या शेवटाकडून कमरेखालचा भाग बधिर करणारा ब्लॉक दिला. त्यातल्या बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा एक डोस साधारण चार ते सहा तास पुरतो. त्यातले निम्मे तास हाड कापून बसवण्यात आणि प्लास्टर चढवण्यातच जातात. वॉर्डात आल्यावर ती गाढ झोपली होती ती उरलेल्या औषधावर. ते उतरलं आणि ती उठली. ब्लॉकने त्याचं काम केलं होतं. तो उतरल्यावर काय करायचं, हे मात्र कोणी ठरवलेलं दिसत नाही. पॅरासिटामॉल ‘दुखलं तर द्या’ असं लिहिलं होतं, हे तुमचेच शब्द. अहो, तीन वर्षांचं पोर ‘आता थोडं दुखायला लागलंय’ असं सांगत नसतं, ते एकदम किंचाळतं. पहिला डोस ब्लॉक उतरायच्या आधीच, पाच-सहाच्या सुमारास पोटात हवा होता, आणि पुढे रात्रभर घड्याळ बघून, ती झोपलेली असली तरी. तुमचा राग रास्त आहे, फक्त तो सुईवर निघालाय.

आता ती सुई. माकडहाडाच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी हाडात एक नैसर्गिक फट असते, तिथून ती जाते. या वयात मज्जारज्जू कितीतरी वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो. आणि भूल देऊन झोपेत का? तर जागं मूल ऐनवेळी उसळी मारतं, खरा धोका तो. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांनी मिळून एक लाखाहून जास्त ब्लॉकची नोंद ठेवली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक ब्लॉक झोपेतच दिलेले होते. नस कायमची निकामी झालेलं मूल एकही नाही, तात्पुरता बधिरपणा वगैरे दहा हजारांत दोन-तीन. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. बुपिवाकेन जादा झालं तर थेट हृदयावर परिणाम होतो, म्हणून किलोला अडीच मिलिग्रॅम ही हद्द आम्ही भूलतज्ज्ञ ओलांडत नाही. तुमच्या १२ किलोच्या नातीला ३० मिलिग्रॅम, बस्स.

‘मग नवा पेंग ब्लॉक का नाही दिला?’ असंही विचारलंत. त्याची सध्या बरीच हवा आहे. २०१८ मध्ये तो मोठ्या माणसांच्या मोडलेल्या खुब्यासाठी मांडला गेला. सांध्याच्या पुढच्या आवरणातल्या बारीक नसा त्याने बधिर होतात, कातडीवरची जखम नाही. लहान मुलाचं हाड कापल्यावर एकट्या पेंगच्या भरवशावर मी तरी राहणार नाही. एपिड्यूरलची, म्हणजे कण्यात बधिर करणारं औषध सोडत राहणारी बारीक नळी ठेवली तर दोन-तीन दिवस आराम मिळतो, हे खरं. पण त्या नळीवर रात्रभर कोणाची तरी नजर लागते. आपल्या कोकणात पुष्कळ ठिकाणी रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते. तिथे मी नळी ठेवत नाही; एक कॉडल आणि वेळापत्रकाने पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन, हेच बरं पडतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर बदलताना पुन्हा सुई का, असं विचारलंत. तेव्हा भूल लागेल, पण हाड कापायचं नसेल तर ब्लॉकची सहसा गरज पडत नाही. गगनबावड्याहून घाट उतरताना मात्र प्लास्टरमध्ये हिसके बसतात. निघायच्या तासभर आधी डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉलचं सिरप पाजा, आणि पाजताना बाटली नीट वाचा. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमची येते, २५० चीही येते, आणि दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच असतात.