म्हातारे आपल्या करावर जगतात, हा हिशेबच चुकीचा आहे

सध्या नागपुरात मोबाइल-मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: "साठीपुढचे कर भरत नाहीत, आमच्या करातून पेन्शन घेतात आणि जाताना कर्ज आमच्या डोक्यावर ठेवून जातात." माझ्या घरच्या तरुण पोरांनीही तो पुढे पाठवला, याचं मला वाईट वाटलं.

"कर भरत नाहीत." इतवारीत साबण घ्यायला गेलेल्या आजीला दुकानदार वय विचारून जीएसटी माफ करतो का? वैयक्तिक आरोग्य विम्यावर तर 21 सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के जीएसटी होता. वयाबरोबर हप्ता वाढतो, म्हणून कराचा चटकाही त्यांनाच जास्त बसला. आयकराच्या नव्या पद्धतीत वयाची वेगळी सवलत नाहीच.

"पेन्शन घेतात." कोणतं पेन्शन? आमच्या शेजारचे काका कापड मिलमधून निवृत्त झाले. ईपीएस-95 या पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. सिलिंडर आणला की त्यातलं काय उरतं? निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेत 1500 मिळतात. जुन्या योजनेतून शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन मिळतं ते 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना, आणि ते खरोखरच चालू तिजोरीतून जातं. माझी पुतणी शिक्षिका आहे, 2005 नंतर लागलेली. तिच्या पगारातून 10 टक्के स्वतःच्या पेन्शनसाठी कापले जातात, शिवाय जुन्यांच्या पेन्शनला तिचा करही लागतो. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च 2023 च्या संपात ती होती. तिची तक्रार मला पटते. पण ही रेघ नोकरीच्या तारखेवर ओढलेली आहे, वयावर नाही. काका आणि निवृत्त अधिकारी एकाच वयाचे असू शकतात.

"कर्ज ठेवून जातात." यात तथ्य आहे, म्हणून नीट बघा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज सुमारे 9.32 लाख कोटी धरलं आहे. आपली मेट्रो बऱ्याच अंशी जर्मनी-फ्रान्सच्या कर्जावर उभी राहिली. तिच्यात आजोबांपेक्षा नातूच जास्त वर्षं बसणार, मग हप्ते त्यानेही भरावेत, यात अन्याय नाही. अन्याय आहे तो रोजच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जात. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारी रक्कम, 45 हजार कोटींहून जास्त दाखवली आहे. ती भरायला घेतलेल्या कर्जातून मागे रस्ता उरत नाही, शाळा उरत नाही, व्याज मात्र उरतं. ही तूट कोणत्या खर्चांमुळे पडली, हे हिवाळी अधिवेशनासाठी येणाऱ्या आमदारांना मी लेखी विचारणार आहे. पुतणीही सही करणार आहे, काकाही.