पांढरी की निळी

मासे पकडायला होडी घेतोय, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गणेश पेठेत बाजार आहे. साफ करूनही देतात." तिच्यापुरता विषय संपला.

वडिलांना मात्र कल्पना एकदम पटली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते नारायण पेठेत होते. पुण्यात घरटी एक होडी हवी, हे त्यांचं मत तेव्हापासूनचं आहे आणि तेव्हापासून कुणी मनावर घेतलेलं नाही. "घे," म्हणाले, "आणि वल्ही घरात ठेव. आयत्या वेळी सापडत नाहीत."

उजनीच्या काठी गळ टाकून बसायचा नाद मला लागून चार वर्षं झाली. काठावरून चिलापी मिळते. मोठे मासे आत असतात, असं काठावर बसणाऱ्या प्रत्येकाचं मत असतं, माझंही आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. म्हणजे ज्या माशासाठी मी शंभर-एक किलोमीटर गाडी हाणतो, तो आमच्याच मोरीच्या पाण्यावर पोसलेला असतो. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तर, भिगवणजवळ फायबरच्या दोन जुन्या होड्या विकायला होत्या. एक पांढरी, एक निळी. दोन्ही चौदा फुटी, एकाच साच्यातल्या, एकाच साली आणलेल्या. इंजिन दोन्हींना नाही. पांढरीचे पंचेचाळीस हजार, निळीचे सत्तेचाळीस. मालक सख्खे चुलत भाऊ, आणि बांधावरून दोघांचं बोलणं बंद.

एक चांगली आणि एक भिकार असती तर मी अर्ध्या तासात मोकळा झालो असतो. इथे मी तीन महिने घातले.

पहिल्या फेरीला रुपयाचं नाणं घेऊन गेलो. फायबरवर नाण्यानं ठोकत जायचं. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. मी पांढरीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकलं. मग निळीला. मग पांढरीचा आवाज विसरलो म्हणून पुन्हा पांढरीला. काठावरची चार पोरं आधी हसली, मग गंभीर झाली, आणि शेवटी एकजण म्हणाला, "काका, कलिंगड न्हाय ते."

पांढरीचा मालक फार मोकळा माणूस. "आमच्या होडीला काय बी न्हाय, सायेब. त्या निळीची मागची फळी बघा. आतनं कुजलीया." फळीचं म्हणणं खरं होतं. इंजिन अडकवायच्या त्या फळीला बाहेरून फायबर असतं, आत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी गेलं की प्लायवूड कुजतं आणि वरून सगळं चकाचक दिसतं. मी निळीच्या फळीवर रेललो तर ती हलली. निळीचा मालक म्हणाला, "लवतीया म्हणून तर टिकलीया! आन् त्या पांढरीच्या बुडात पानी शिरलंय. उचलून बघा की."

उचलून बघितली. निळी चौघांनी सहज उचलली. त्याच चौघांनी पांढरी घोट्यापर्यंत नेली आणि देवाचं नाव घेत खाली ठेवली. तळाच्या पोकळीत भरलेला फोम एकदा पाणी प्यायला की सोडत नाही. गाडी घेताना मेकॅनिक नेतात, तसा होडी घेताना मालकाचा चुलत भाऊ न्यावा. पैसे घेत नाही आणि काही लपवत नाही.

घरी येऊन एक्सेल उघडलं. सतरा रकाने: फळी, बूड, कोपऱ्यांतल्या केसासारख्या रेघा (नुसत्या वरच्या थरात असतील तर माफ), अंतर, मालकाचा स्वभाव. बेरीज पांढरी एकसष्ट, निळी एकसष्ट. मग 'पार्किंग' असा अठरावा रकाना घातला आणि सोसायटीच्या चेअरमनकडे गेलो.

"नियमांत दुचाकी आहे, चारचाकी आहे," ते म्हणाले. "बिनचाकीचं कलम नाही."

"म्हणजे मनाई नाही."

"परवानगीही नाही. लेखी अर्ज द्या. रंग लिहा."

"रंगच ठरत नाहीये हो."

"मग ठरल्यावर या."

चौथ्या फेरीपर्यंत पेट्रोलनं त्या दोन हजारांचा फरक केव्हाच खाऊन टाकला होता. पाचव्यांदा गेलो ते मेमध्ये. पाणी पार आत सरकलं होतं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आल्याच्या गप्पा वाटेत चहाच्या टपरीवर ऐकल्या. दोन्ही होड्या भेगाळलेल्या गाळावर शेजारी-शेजारी पडल्या होत्या, आणि त्यांच्या सावलीत दोघे भाऊ एकाच पुडीतली तंबाखू मळत बसले होते.

"आलं बघा नाणंवालं," एक म्हणाला. दुसरा हसला. तीन महिने दोघांना एकच गिऱ्हाईक छळत होतं. शेवटी त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलणं भाग होतं, आणि पूर्ण हकीकत माहीत असलेला माणूस गावात दुसरा नव्हता.

"सायेब, आता इकायची न्हाय," निळीवाला म्हणाला. "हिचं बूड चांगलं, त्याची फळी चांगली. दोन्हीची मिळून एक करतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघाया लोकं येत्यात, त्यांना फिरवू."

"तुमच्याच ठोकण्यानं कळलं," पांढरीवाला म्हणाला. "तुमाला तासाला पन्नास रुपयं कमी."

माझ्या खांद्यावरून तीन महिन्यांचं ओझं उतरलं. निघता निघता सहज विचारलं, "मग रंग कुठला देणार?"

"निळा," एक म्हणाला.

"पांढरा," दुसरा त्याच क्षणी म्हणाला, आणि तंबाखूची पुडी खिशात ठेवली.