टुंड्रा हिरवा झाला म्हणून कार्बन कमी होत नाही

तापमानवाढीचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: 'आर्क्टिक हिरवं होतंय. ओसाड जमिनीवर झाडं येतायत, जनावरांना चारा मिळेल, झाडं कार्बनही शोषतील. मग काळजी कसली?'

हिरवेपणा वाढतोय, हे खरं. पण सगळीकडे नाही. लँडसॅट उपग्रहांच्या १९८५ ते २०१६ च्या नोंदींत टुंड्रातल्या (म्हणजे आर्क्टिकमधल्या झाडं नसलेल्या थंड प्रदेशातल्या) तपासलेल्या ठिकाणांपैकी सुमारे ३७ टक्के ठिकाणी तो वाढला, जवळपास ५ टक्के ठिकाणी घटला. उरलेल्या, म्हणजे एकूण निम्म्याहून जास्त, ठिकाणी स्पष्ट कल दिसत नाही.

आणि ही जमीन ओसाड कधीच नव्हती. तिथे शेवाळं आहेत, कापूसगवत आहे, लायकेन आहेत (आपल्या मसाल्यातलं दगडफूल त्यातलंच). आता बुटके बर्च, विलो, अल्डर अशी झुडपं पसरतायत आणि त्यांच्या सावलीत लायकेन मागे हटतं. हिवाळ्यात रेनडियर आणि कॅरिबू मुख्यतः त्याच्यावरच जगतात. शिवाय चारा असूनही तो तोंडापर्यंत पोचेलच असं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियातल्या यमालमध्ये बर्फावर पाऊस पडला, वर टणक थर गोठला आणि नेनेत्स पशुपालकांचे ६१ हजार रेनडियर उपासमारीने मेले.

आता कार्बन. खरी गफलत इथेच होते, कारण हिशेब फक्त जमिनीवरचा मांडला जातो. माती तापली की त्यातले जीवाणू साठलेले जुने अवशेष जोमाने कुजवतात, त्यातला कार्बन हवेत जातो, पोषकद्रव्यं मोकळी होतात आणि झुडपं फोफावतात. अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ संशोधकांनी १९८१ पासून ही पोषकद्रव्यं, म्हणजे नत्र आणि स्फुरद, थेट जमिनीत घातली. बर्च माजला, वरची वाढ दुप्पट झाली. कार्बनही वाढला असेल, असं कुणालाही वाटावं. पण २० वर्षांनी खोलवरच्या मातीसकट मोजमाप केलं, तेव्हा चौरस मीटरमागे जवळजवळ २ किलो कार्बन कमी भरला. झुडपांनी जेवढा साठवला त्याहून जास्त खालच्या थरांतून निघून गेला होता.

आर्क्टिक आणि लगतच्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. एवढ्या साठ्यापुढे झुडपांची फांद्या-पानं ती किती! उन्हाळ्यात त्यांची सावली माती थोडी थंड ठेवते, हे मान्य. पण हिवाळ्यात तीच झुडपं वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात, त्या जाड थराखाली माती उबदार राहते आणि कुजणं चालू राहतं. वसंतात बर्फावर डोकावणाऱ्या काळ्या फांद्या ऊन शोषतात, ते वेगळंच.

त्यात वणवे. २००७ साली अलास्कात अनाक्टुवुक नदीकाठी हजाराहून जास्त चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला आणि एका हंगामात सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान-महासागर संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानुसार, वणवे धरले तर टुंड्रा आता शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो. आणि हे हिरवेपणा वाढत असतानाच घडतंय.