बांदोल, मासळी आणि 'लेबल वाचून पाडलेला' लेख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील बांदोलची रेड वाइन मासळीच्या काही पदार्थांबरोबरही चालते, असे सांगणाऱ्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. 'रेड वाइन मासळीबरोबर घेत नाहीत हे शेंबडे पोरही सांगेल. बाटलीवरचे लेबल वाचून लेख पाडण्याचा हा प्रकार आहे,' असे आपण म्हणता. मतभेदाला माझी हरकत नाही. पण हे वाक्य हिणवण्याचे आहे, आणि जिला आपण कधी भेटलाही नाहीत तिच्याविषयी ते इतक्या सहजपणे लिहिलेत, याचे मला वाईट वाटले.

आधी माझी चूक. ही वाइन केवळ मूर्वेद्र द्राक्षाची असते, असे मी लिहून गेले होते. नियमाने मूर्वेद्र किमान ५० टक्के लागते. बाकी मुख्यतः ग्रनाश आणि सँसो. लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता लेबलाविषयी. बांदोलपासून फार दूर नसलेल्या तुलाँ शहरात मी सहा वर्षे राहिले. त्याआधीचे माझे आयुष्य रत्नागिरीत गेले, तेव्हा मासळीच्या वासाचे आणि चवीचे धडे मला कोणी देण्याची गरज नाही. तुलाँला आमच्या घरमालकीणबाई ऑक्टोपसचे 'दोब' करीत. तुकडे आधी कोरड्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून त्यांचे सुटलेले पाणी आटू द्यायचे, मग कांदा, लसूण, टोमॅटो, संत्र्याच्या सालीचा एक तुकडा, आणि त्यावर रेड वाइन. दीड तासाने रश्श्याचा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद होई, आणि त्याच्याबरोबर प्यायलाही बांदोलचीच रेड असे. ज्या पदार्थाचा रस्साच रेड वाइनचा आहे, त्याच्याबरोबर ती घेऊ नये असे आपण त्या बाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात सांगितले असते का?

त्याच प्रांतात कोकराच्या मांडीला सुरीने चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्यांबरोबर खारवलेल्या अँकोव्ही माशाचे तुकडे खुपसतात आणि ती भट्टीत भाजतात. किमान १८ महिने लाकडी पिंपात राहिलेल्या, पहिली काही वर्षे चांगल्याच तुरट लागणाऱ्या या वाइनला असले खारट, चरबीदार मांस फार मानवते. मासा त्यात विरघळलेला असतो आणि तो कोणालाही खटकत नाही.

आपला नियम अगदी निराधार आहे, असे मी लेखातही म्हटले नव्हते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर रेड घेतली तर तोंडात लोखंडी चव रेंगाळू शकते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मात्र या नकोशा चवीचा संबंध वाइनमधील लोहाच्या प्रमाणाशी आहे, असे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. म्हणजे प्रश्न त्या त्या वाइनचा आणि त्या त्या पदार्थाचा आहे, नुसत्या रंगाचा नाही, आणि माझ्या लेखातला मासळीवरचा परिच्छेद नेमके हेच सांगत होता. आपण तो पूर्ण वाचला असता तर 'शेंबडे पोर' लिहिण्याची वेळ आली नसती.

१६ अंश तापमानाला रेड वाइन 'मरते', बाटलीची किंमत दिली नाही, फ्रेंच नावे जड जातात, या उरलेल्या तक्रारींवर मी शब्द खर्च करणार नाही.

आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत आपण स्वतः बांदोल कधी, कशाबरोबर प्यायलात याचा उल्लेख कुठेच नाही. पुढच्या वेळी तेवढे अवश्य लिहा. ते मी आस्थेने वाचीन.