काळ्या गाईला तांबडी कालवड होऊ शकते

गाईंच्या रंगावरच्या एका लेखात म्हटलंय की काळी गाय आणि काळा वळू अशा जोडीला तीन वासरं काळी, एक तांबडं. हे गोठ्यात जसंच्या तसं धरू नका. आधी दोघांतही तांबडा जनुक लपलेला हवा. असला, तरी दर वेताला तांबड्याची शक्यता नव्याने चारात एक. आधीची तीन काळी झाली म्हणून चौथं तांबडं ठरलेलं नसतं. ओळीने चारही काळी व्हायची शक्यता 256 त 81, जवळजवळ तिसरा हिस्सा!

गुहागरकडे आमच्या काळ्या-पांढऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला, वळूही तसाच असून, भर श्रावणात तांबडी-पांढरी कालवड झाली. ओली होती तोवर काळपट वाटली, गाईने चाटून सुकवली तसा विटेचा रंग दिसला. शेजारच्या काकांनी कृत्रिम रेतनात भलत्याच वळूच्या वीर्याचा डोस भरल्याचा आळ थेट डॉक्टरांवर घेतला. फार वाईट वाटलं. एचएफमध्ये काळा प्रभावी, तांबडा अप्रभावी, म्हणजे काळा जनुक सोबत असला की तांबडा दिसत नाही, लपून राहतो. दोघांकडून एकेक लपलेला जनुक आला, एवढंच.

वळू पारखायचा तर तांबड्या एचएफ गाई त्याच्याकडून भरवा. एक जरी तांबडं वासरू झालं, की वळूत तांबडा जनुक लपलाय हा निकाल लागला. लपलेला जनुक असूनही पाच वासरं झाली आणि पाचही काळी होण्याची शक्यता 32 त एकच. कोकण कपिला या आपल्या देशी गाईला मात्र हे गणित सरसकट लावू नका, रंगावर इतरही जनुकांचा हात असतो.