पोतेरं म्हणजे केरसुणी नव्हे

‘पोतेरं हे केरसुणीचं जुनं नाव’ असा मेसेज सध्या साताऱ्यातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. केरसुणी शिंदीच्या पानांची, कोरडा केर काढायला; लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागतं ते तिलाच. पोतेरं म्हणजे ओलं फडकं. कोरेगावला आमची आजी जुन्या लुगड्याचा बोळा खापरातल्या मातीच्या काल्यात बुडवायची आणि चूल गार असतानाच पोतारून घ्यायची. तिच्या बोटांच्या रेघा पार वैलापर्यंत, म्हणजे बाजूच्या जोडचुलीपर्यंत उमटलेल्या असत, त्या मला अजून दिसतात. पोतारणं हे क्रियापदही पोतेरं या शब्दाच्याच घरातलं. आणि ‘नव्या साडीचं पोतेरं केलंस’ असं आपण आजही म्हणतोच की! साडीचं फडकं होतं, केरसुणी कशी होईल? मेसेज पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही तिथेच टाका.