कंट्रोलरलाही माप हवं

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर कुठला घेऊ, असं आमच्या ग्रुपवर कुणी विचारलं की लगेच फीचर्सची यादी सुरू होते. ट्रिगर, म्हणजे तर्जनीने ओढायची बटणं, कसे, व्हायब्रेशन कसं, बॅटरी किती चालते. दोन तास खेळल्यावर अंगठ्याचं मूळ दुखतं का, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

एक करून बघा. हात सैल सोडा, मूठ अर्धवट मिटा आणि अंगठा कुठे टेकतोय ते पाहा. तो वरच्या बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला टेकतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, साधारण तिथेच आहे. सोनीच्या प्लेस्टेशनवर त्या जागी डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण) आहे आणि स्टिक खाली, मध्याकडे सरकलेली. 1994 च्या मूळ प्लेस्टेशन पॅडवर स्टिक नव्हत्याच, चालणं-पळणं सगळं डी-पॅडवर व्हायचं. 1997 मध्ये स्टिक आल्या त्या उरलेल्या जागेत बसल्या, आणि 2020 च्या ड्युअलसेन्समध्येही, म्हणजे प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरमध्येही, त्या तिथेच आहेत. आज बहुतेक थ्रीडी गेममध्ये डावा अंगठा स्टिकवरून उठतच नाही. मग तिला हाताखालची सगळ्यात सोयीची जागा का देऊ नये? फायटिंग गेम खेळणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असेल. त्यांना डी-पॅड वरच हवा, आणि ते बरोबरही आहे.

मी नाशिकच्या अंबडला प्लास्टिक मोल्डिंगच्या कामात आहे. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की आधी पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, नख फिरवतो. स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलरवर ही लाइन नेमकी तळहाताच्या गादीखाली येते. दुकानात पाच मिनिटं धरलं तर कळत नाही, तासाभराने तिथे लाल वळ उठतो. ड्युअलसेन्सचं काम या बाबतीत बघण्यासारखं आहे. मागच्या बाजूला जे खरखरीत टेक्श्चर आहे, ते जवळून पाहिलं तर त्यात बारीक त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन दिसतात. बटणांवरचीच चिन्हं, हजारोंनी. असा साचा बनवायला किती निगुतीने काम करावं लागतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. एक्सबॉक्सच्या 2020 च्या कंट्रोलरवर ट्रिगर, बंपर (ट्रिगरच्या वरची बटणं) आणि मागच्या बाजूला ठिपक्यांची पकड आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी हाताला घाम सुटतो, तेव्हा मला ती ठिपक्यांची ट्रिगर जास्त भावते. बोट घसरत नाही.

वजनात फार फरक नाही. ड्युअलसेन्स 280 ग्रॅमच्या आसपास आहे, आणि सेल टाकल्यावर एक्सबॉक्सचाही साधारण तेवढाच भरतो. फरक पडतो तो आकाराने. ड्युअलसेन्सच्या मुठी लांब आहेत, माझ्या पंजाला त्या छान भरतात. पण माझी भाची पाचवीत आहे. तिने अंगठा स्टिकवर ठेवला की तर्जनी ट्रिगरच्या टोकालाच जेमतेम लागते. "मामा, दाबता येत नाही गं बाई हे," म्हणून ती दरवेळी हात उचलून पकड बदलते, आणि तेवढ्यात गाडी भिंतीवर. तिला खेळता येत नाही असं नाही, वस्तू तिच्या मापाची नाही.

कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. 2001 चा पहिला एक्सबॉक्स कंट्रोलर, ज्याला लोक 'ड्यूक' म्हणायचे, इतका अवाढव्य होता की जपानसाठी लहान कंट्रोलर काढावा लागला, आणि पुढे तोच सगळीकडे द्यायला लागले. 2020 चा कंट्रोलरही लहान हात लक्षात घेऊन थोडा आटोपशीर केला. अपंग खेळाडूंसाठी मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणि सोनीने 2023 मध्ये खास कंट्रोलर आणले, मोठी बटणं, हवं ते जोडायची सोय. मग नेहमीच्या कंट्रोलरची निदान दोन मापं का नाहीत? हेल्मेट घेताना आपण डोक्याचं माप बघतो. जी वस्तू रोज तासन्तास हातात राहते, ती सगळ्यांना एकाच मापाची का?

टिकण्याबद्दलही थोडं. साध्या स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते मोजणारा भाग) असतो, त्यात पट्टीवर घासून घासून झीज होते आणि मग हात न लावता पात्र आपोआप चालायला लागतं. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक असतो, सेन्सरला काही घासत नाही. 1998 च्या सेगाच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलमध्ये चुंबकाचीच स्टिक होती. आता कमी किमतीच्या कंट्रोलरमध्येही हॉल इफेक्ट मिळतो, तो जरूर बघा. आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला आतल्या बॅटरीऐवजी सुटे सेल लागतात म्हणून नावं ठेवणाऱ्यांनो, रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या घ्या. आतली बॅटरी म्हातारी झाली की कंट्रोलर खोलावा लागतो, सेल मात्र नुसते बदलायचे.

नाशिकमधल्या दुकानदारांना माझी मनापासून विनंती आहे. सीलबंद खोका फोडू नका, पण प्रत्येक मॉडेलचा एक नग काउंटरवर ठेवा. एमजी रोडपासून कॉलेज रोडपर्यंत मी विचारून पाहिलं, सगळीकडे उत्तर एकच, "घ्यायचा असेल तर खोलतो." पाच-सहा हजारांची वस्तू न धरता कशी घ्यायची?

तोवर ओळखीतल्या कुणाला घ्यायचा असेल तर रविवारी घरी या. दोन्ही कंट्रोलर आहेत, अर्धा तास खेळून बघा. मुलांसाठी घेणार असाल तर मुलांनाच घेऊन या, त्यांचं बोट ट्रिगरपर्यंत पोहोचतं का तेवढं बघू.